ओरखड्यांसाठी आख्खं टेबल घासू नका

प्रश्न गोव्यातल्या पर्वरीच्या एका ताईंचा आहे. साखळीचं आजोळचं घर रिकामं करताना त्यांनी तिथलं जेवणाचं शिसवी टेबल फ्लॅटवर आणलं. जिन्यात वळवताना ते भिंतीला आणि कठड्याला घासलं. वरच्या फळीवर तीन लांब ओरखडे, एका पायाचा टवका उडालेला, आणि मधोमध गरम भांड्याचं जुनं पांढरं वर्तुळ. पॉलिशवाल्याने बघून सांगितलं, ‘सगळं घासून काढतो, मेलामाईनचं पॉलिश मारून देतो, नवंकोरं दिसेल.’ चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरात माणसं येणार, त्याआधी टेबल नीट व्हायला हवं. न घासता काही करता येईल का?

येईल. चवथीपर्यंत मात्र सगळं होणार नाही. ते का, ते पुढे सांगतो.

आधी घासण्याबद्दल. मी तीस वर्षं हेच काम करतोय आणि घासूनही भरपूर दिलंय, त्यामुळे पॉलिशवाल्याला नावं ठेवत नाही. त्याच्या दृष्टीने ते सोपं आहे: मशीन फिरवलं, दोन दिवसांत मोकळा. पण जुन्या शिसवीचा तो मधासारखा तपकिरी रंग डब्यातून आलेला नसतो. उजेड आणि हवा लागून लाकडाचा वरचा थर इतक्या वर्षांत तसा झालेला असतो, आणि हा थर फार पातळ असतो. घासला की खालून जांभळट काळसर, ताजं लाकूड वर येतं. मग टेबल एका रंगाचं आणि त्याच्या सहा खुर्च्या दुसऱ्याच रंगाच्या. अशी टेबलं घेऊन माणसं नंतर माझ्याकडे येतात, ‘खुर्च्यांसारखं करून द्या’ म्हणतात. ते मला जमत नाही, आणि कुणी जमतं म्हटलं तर माझा विश्वास बसत नाही.

आता ओरखडा म्हणजे नेमकं काय ते बघा. तो खुपतो तो खोल आहे म्हणून नव्हे. बाटली फुटून चुरा झाला की तीच स्वच्छ काच पांढरी दिसते ना? तसंच इथे होतं. पॉलिशचा थर सलग असतो तोवर उजेड त्यातून आरपार जातो आणि खालचं लाकूड दिसतं. थर फाटला की फाटलेल्या कडा उजेड चहूकडे उडवतात आणि आपल्याला पांढरी रेघ दिसते. म्हणजे आपलं पहिलं काम ओरखडा भरणं नाही, तो उजेड उडायचा थांबवणं आहे. निम्म्याहून जास्त ओरखडे एवढ्यावरच दिसेनासे होतात.

याची परीक्षा आत्ता करून बघा. बोट पाण्यात बुडवून ओरखड्यावरून फिरवा, ओलं आहे तोवर वाकून बघा. रेघ नाहीशी झाली तर ओरखडा फक्त पॉलिशमध्ये आहे, लाकडाचा रंग शाबूत आहे. ओली असतानाही फिकट रेघ राहिली तर रंग गेलाय, तिथे रंग भरावा लागेल. मग नख आडवं ओढा. नख अडकलं तर भरावही लागेल. ही परीक्षा खोलीतला दिवा बंद करून, मोबाईलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडव्या उजेडात करा. वरून दिसतात त्याच्या दुप्पट चरे दिसतील. घाबरू नका, तेवढे सगळे कुणी बघत नाही.

त्याहीआधी टेबल पुसून घ्या, नुसत्या फडक्याने नव्हे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून एक हात, लगेच कोरड्या फडक्याने दुसरा. ते वाळलं की थोडं टर्पेंटाइन कापडावर घेऊन पुसा. जुनं मेण, तेल, धूर सगळं कापडावर येईल. भिंतीला घासलेल्या सामानावर बऱ्याच ‘ओरखड्यां’ची मजा अशी असते की ते ओरखडेच नसतात, भिंतीचा डिस्टेंपर लाकडावर चिकटलेला असतो. माझ्या अंदाजाने तुमच्या तिनातला एखादा तरी टर्पेंटाइननेच जाईल.

आणि खोबरेल तेल लावत असाल तर ते बंद करा. आपल्याकडे घराघरात हे करतात, माझी आईही करायची. लावल्या दिवशी झळकतं, पण खोबरेल वाळणारं तेल नाही. ते तसंच राहतं, धूळ धरतं, खवट होतं, आणि त्याच्यावर पुढचं कोणतंही पॉलिश धड बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: वर कोणतं पॉलिश आहे. हे कळल्याशिवाय बाटली उघडू नका. टेबलाच्या फळीखाली, कुणाला दिसणार नाही अशा पॉलिश लागलेल्या जागी, कानातल्या काडीचा कापूस डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट धरून ठेवा. कापूस चिकटायला लागला आणि तपकिरी झाला, तर ते चपड्याचं पॉलिश, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी हाच प्रयोग थिनरने करा. त्यात विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिलं तर मेलामाईन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तेलाचं व्हार्निश. थिनरने सुरुवात करू नका, तो चपड्यालाही मऊ करतो, मग काय होतं काय नाही ते कळत नाही. आजोळच्या जुन्या टेबलावर मधे कुणी हात मारला नसेल, तर चपडाच निघेल असं मला वाटतं. तुमचं ते पांढरं वर्तुळही तेच सांगतंय. मेलामाईनवर गरम भांड्याचं वर्तुळ इतक्या सहजी उमटत नाही.

चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर तयार केलेली राळ, शुद्ध करून पापुद्रे केलेली. तिचा मोठा गुण असा की ती वाळली तरी स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. वीस वर्षांपूर्वीच्या थरावर आज नवा हात दिला तर दोन्ही थर एकजीव होतात, जोड दिसत नाही. मेलामाईन आणि पीयू यांचं तसं नाही. ते एकदा आवळले की आवळले, त्यांच्यावरचा नवा थर नुसता वर बसतो आणि डागाची कड दिसत राहते. म्हणून चपड्याच्या टेबलावर मेलामाईन मारायचा सल्ला मला पटत नाही. पुढच्या वेळी ओरखडा पडला की तेव्हा मात्र खरंच सगळं घासायची पाळी येते.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. फेणीत अल्कोहोल बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतं. ग्लास कलंडला आणि लगेच पुसला नाही तर चपडा तिथे मऊ पडतो, पांढुरका होतो. पाहुणे आले की एवढं लक्षात असू द्या.

आता चवथीची अडचण. पावसात चपड्याचं काम मी करत नाही. हे मी शिकलो ते हात पोळून. नवा होतो तेव्हा डिचोलीला एका घरी लग्नासाठी घाई होती, जुलै महिना. मी दिवसभर बसून दिवाणाच्या पाठीवर पाच-सहा हात दिले. संध्याकाळी बघतो तर सगळी पाठ ताकासारखी पांढरी. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेत दमट वाफ इतकी की ती तिथेच पॉलिशच्या थरात अडकते. घरमालकीण काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, ते जास्त लागलं. चवथ झाली, दसरा झाला, मग कोरड्या हवेत स्पिरिटचा हलका हात देऊन मी ते पुन्हा पारदर्शक केलं, अर्थात फुकट. तेव्हापासून माझा नियम स्वयंपाकघरातला आहे: बरणीतलं मीठ ओलं असेल तर चपड्याचा डबा उघडायचा नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात याहून चांगलं यंत्र नाही.

त्यामुळे चवथीपूर्वी फक्त मेण. मेणाला दमट हवेचं तितकं वावडं नाही. मधमाश्यांचं मेण शंभर ग्राम किसून घ्या, डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, मग शेगडी बंद करून डबा दूर न्या आणि अडीचशे ते तीनशे मिलिलिटर टर्पेंटाइन हळूहळू घाला. विस्तव जवळ असताना कधीही नाही. थंड झाल्यावर लोण्यासारखं होतं. त्यातलं चमचाभर वेगळं काढून त्यात गेरू आणि चिमूटभर काजळी किंवा रंगाच्या दुकानातली काळी पूड कालवा. टेबलाच्या गडद रेषांचा रंग असतो त्याच्या जवळ आणा. हे रंगीत मेण बोटाने ओरखड्यात आडवं दाबत भरा, दहा मिनिटांनी मऊ सुती कापडाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा, मग सगळ्या फळीवर साधं मेण लावून झळाळी आणा. एवढा खटाटोप नको असेल तर गडद तपकिरी बूटपॉलिशनेही वेळ निभावते. अक्रोडाचा गर ओरखड्यावर घासतात, तोही चालतो, पण तो फार टिकत नाही, रेघ परत येते. आणि दर वर्षी कुणी तरी विचारतं म्हणून सांगतो, काजूने होत नाही. काजूत रंग नसतो. खाऊन टाका.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. फर्निचर चमकवायचे फवारे मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशांत सिलिकॉन असतं. ते ओरखड्यातून लाकडात जातं आणि मग वर दिलेलं पॉलिश तिथे टिकत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ते सिलिकॉन काढणं ही मोठी शिक्षा आहे.

पावसाळा सरला, दिवाळीनंतर सकाळी दहा-अकराला हवा कोरडी वाटायला लागली, की खरं काम. त्याआधी टर्पेंटाइनने मेण पूर्ण काढून घ्यायचं, कारण मेणावर चपडा धरत नाही. म्हणूनच क्रम नेहमी असा: रंग, चपडा, मेण. उलटा नाही.

चपडा शंभर मिलिलिटर स्पिरिटला बारा ग्राम, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवा, मधून मधून हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. हा हात द्यायचा चपडा. दुसऱ्या लहान बाटलीत पंचवीस ग्रामचा घट्ट, थेंब भरायला. लागेल तेवढाच करा. भिजवलेला चपडा वर्षभर ठेवला तर नासतो, दिसायला तोच पण वाळत नाही. काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून ठेवा, सकाळी नखाने दाबल्यावर चिकट लागला तर ओतून द्या. स्पिरिट विषारी आहे आणि भडकन पेटतं. खिडक्या उघड्या, आणि त्या खोलीत समई, उदबत्ती, काही नको.

रंग भरणं हाच कामाचा गाभा, इथे सावकाश. बारीक ब्रश, शून्य नंबरचा. बशीत थोडा पातळ चपडा, बाजूला गेरू, पिवडी (पिवळी माती), काळा, तिन्हींच्या पुडी चिमूट चिमूट. आधी ओरखड्याच्या शेजारच्या लाकडात सगळ्यांत फिकट रंग कोणता आहे ते बघा आणि तो बनवा. सगळे मधला रंग बनवायला जातात आणि तिथेच फसतात. फिकट रंग ओरखड्याच्या पोटात ब्रशच्या टोकाने ठेवा, पुसू नका, ठेवा. दहा मिनिटांनी त्यावर थोडा गडद. शेवटी शिसवीच्या काळ्या रेषा जिथे ओरखड्याने तोडल्या आहेत, तिथे दोन्ही बाजूंची टोकं बघून एक केसासारखी रेघ पलीकडे नेऊन जोडा. ती जुळली की डोळा फसतो. प्रत्येक वेळी मागे सरून बघा, एकदा खिडकीच्या उजेडात, एकदा ट्यूबखाली, कारण दोन्हीकडे रंग वेगळा दिसतो. शंका आली तर किंचित गडद बाजूला राहा. गडद रेघेला माणूस लाकडाची रेघ समजतो, फिकट रेघेला ओरखडा. बाजारातला ‘रोजवुड’ नावाचा तयार रंग घेऊ नका, तो नव्या शिसवीचा आहे. तुमच्या टेबलाचा रंग उन्हात आणि दिवसांत मऊ झालाय, त्याला पिवडी जास्त लागेल.

रंग वाळला की घट्ट चपड्याचे थेंब ओरखड्यात ब्रशने सोडायचे. एका वेळी एकच, तासा-दोन तासांनी पुढचा, सहा-आठ वेळा. ओरखडा भरून किंचित वर यायला हवा. मग चार दिवस हात लावू नका. स्पिरिट उडत राहतं आणि भराव आत बसतो, आज सपाट केलात तर आठवड्याने तिथे खाच दिसेल. चार दिवसांनी पेन्सिलच्या खोडरबराला सहाशे नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून, टर्पेंटाइनचे दोन थेंब घालून, फक्त उंचवटा घासा. मग हजाराचा. शेजारच्या पॉलिशला लागतो तिथे थांबायचं. स्टीलवूल वापरू नका. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्याचा एखादा तुकडा रेषेत राहिला तर गंजतो, आणि गंज लाकडातल्या टॅनिनला भेटला की काळा ठिपका कायमचा.

शेवटचा हात कापसाच्या बोळ्याने. कापूस जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून पुरचुंडी करा, आत पातळ चपडा मुरवा, तळहातावर दाबून बघा, ओल लागली पाहिजे पण थेंब गळता कामा नये. तळाला तेलाचं एक बोट, खोबरेल मात्र नको. बोळा बाजूने सरकत यावा, लाकडावर टेकावा आणि न थांबता पुढे उचलला जावा. चाललेला बोळा मधे थांबला तर तिथे तो चिकटतो आणि कापडाची जाळी उमटते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. बोळ्यामागून धुक्यासारखी एक पुसट रेघ येते आणि दोन सेकंदांत विरते. ती दिसली म्हणजे ओल बरोबर आहे. ओरखड्याच्या आसपास वीतभर, मग पूर्ण फळीवर एक-दोन हात, म्हणजे डाग पडल्यासारखं दिसत नाही.

त्याच बोळ्याने पांढरं वर्तुळ जातं. तिथे चपडा कमी, स्पिरिट जास्त, आणि हात उडता, जेमतेम स्पर्श. अडकलेली ओल सुटून जाते. टूथपेस्ट लावू नका, ती रेषांत पांढरी राहते. वर्तुळ काळं असतं तर वेगळी गोष्ट होती, ते लाकडात लोखंडाने पडतं आणि असं वरच्या वर निघत नाही.

पायाचा टवका वेगळा. तिथे लाकूडच गेलंय. फेव्हिकॉल आणि भुसा अजिबात नको. सुतारकामात सगळे तेच करतात, पण फेव्हिकॉल मुरलेला भुसा रंग पीत नाही, तो डाग आयुष्यभर दिसतो. लाखेची कांडी घ्या, चपड्यात रंग घालून केलेली. जुनी सुरी गॅसवर तापवून कांडी टेकवा, वितळलेली लाख टवक्यात सोडा, थोडी वर येऊ द्या, थंड झाल्यावर धारदार पटाशीने हळू तासून सपाट करा आणि त्यावर वरच्यासारखेच रंगाचे फटके. ही गॅसची कामं झाल्याशिवाय स्पिरिटची बाटली उघडायची नाही. टवक्याचा तुटलेला तुकडा टेम्पोत कुठे सापडला तर मात्र हे काहीच करू नका, तोच परत चिकटवा.

फळीखालच्या परीक्षेत मेलामाईन निघालं तर माझं उत्तर लहान आहे: रंगीत मेण भरा, बारीक चऱ्यांवर दोन हजाराचा पेपर आणि गाडीचं रबिंग कंपाउंड, आणि त्यापलीकडे जाऊ नका. लाकडातून पीठ गळत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त, ओरखडे नंतर. आणि टेबलावर हस्तिदंताचं किंवा शिंपल्याचं जडावकाम असेल तर यातलं काहीही न करता फोटो काढून जाणत्या माणसाला दाखवा.

पॉलिशवाल्याला नाही म्हणायची गरज नाही. त्याला विचारा, ‘चपडा मारतोस का? नुसता हात देऊन, न घासता?’ जुना माणूस असेल तर हसेल आणि हो म्हणेल. मग दिवाळीनंतरची तारीख घ्या.

झाल्यावर वर काच ठेवू नका. ओरखडे पडू नयेत म्हणून सगळे ठेवतात, आणि पावसाळ्यात काचेखाली ओल कोंडून पॉलिश काचेला चिकटतं. ठेवायचीच असेल तर चार कोपऱ्यांत नमद्याच्या चकत्या लावा, बोटभर हवा खेळू द्या, आणि जूनपासून दर पंधरा दिवसांनी उचलून खाली हात फिरवून बघा.